वेंडेलच्या जेवणाचं परराष्ट्र धोरण

वेंडेल हॅस्किन्सने चार ओळी लिहिल्या, एकदा वाचून पाहिल्या, खाली सवयीने 'संमतीसाठी' असं टंकलं, त्याखाली झाडून सगळ्या विभागांची नावं टाकली आणि बटण दाबलं. दाबल्यावर त्याच्या लक्षात आलं, की आपण काय करून बसलो. पण वॉशिंग्टनच्या त्या कचेरीत बटण दाबल्यानंतर लक्षात येऊन काही उपयोग नसतो.

कचेरीचं नाव मी घेत नाही. अमेरिकेने जगाशी कसं वागायचं ते तिथे ठरतं, एवढं पुरे. तिथला रिवाज असा, की एकट्याने लिहिलेल्या कागदाला कागद म्हणतच नाहीत. तो सगळ्या विभागांतून फिरला पाहिजे, प्रत्येकाने त्यातला एखादा शब्द बदलला पाहिजे, मगच तो बाहेर पडतो. वाढदिवसाच्या शुभेच्छासुद्धा तिथून अशाच जातात. बहुधा पुढच्या वाढदिवसाला पोचतात.

वेंडेल तिथे पॅसिफिकमधली चिमुकली बेटं सांभाळायचा. इतकी चिमुकली, की नकाशावर माशी बसली तर तीन राष्ट्रं झाकली जावीत. वर्षानुवर्षं त्या बेटांबद्दल त्याला कुणी एक प्रश्न विचारला नाही. मग चीन आणि अमेरिका त्याच बेटांची दोन टोकं धरून ओढायला लागले, बेटांना भाव आला आणि पाठोपाठ चकचकीत बुटांची तरुण मंडळी आली. वेंडेलची खुर्ची झेरॉक्स मशीनच्या शेजारी गेली. आता तर तो निवृत्तच होत होता. बायको, लोरेन, दोन वर्षांपूर्वी गेली होती. मुलगी कॉनी दूर ॲरिझोनात होती आणि दर रविवारी फोनवर एकच पाढा म्हणत होती.

"बाबा, घर विका आणि इकडे या. इथे म्हाताऱ्यांसाठी छान वसाहत आहे. सकाळी सगळे पाण्यात उभे राहून व्यायाम करतात."

"मला नाही पाण्यात उभं राहायचं."

"मग तिथे कोण आहे तुमचं? एक तरी माणूस येतं का घरी?"

"येतात की."

"कोण?"

वेंडेलला नाव सुचलं नाही. म्हणून तो म्हणाला, "येत्या गुरुवारी ऑफिसची माणसं जेवायला येणारेत."

"ठीक आहे. गुरुवारी सात वाजता मी फोन करते. एक जरी माणूस टेबलाशी असलं, तर घर विकायचा विषय मी कायमचा सोडला. नाहीतर सोमवारी मी दलाल पाठवते."

म्हणून त्या चार ओळी. गुरुवारी संध्याकाळी सहाला माझ्या घरी जेवायला या. लोरेनच्या पद्धतीचं भाजलेलं मांस आणि कुस्करलेले बटाटे करतोय. काही आणू नका. लोरेन गेल्यापासून टेबल फार मोठं वाटतं.

पहिली धावत आली ग्रेचेन. ती चीन विभागात होती आणि त्या इमारतीत वेंडेलला जेवलास का म्हणून विचारणारी ती एकटीच.

"वेंडेल, अरे आमंत्रण संमतीला कशाला टाकलंस?"

"हात गेला गं. इतक्या वर्षांची सवय."

"मग मागे घे."

"मागे घ्यायला सगळ्यांची संमती लागते."

"हो, ते आहेच." ग्रेचेनने कपाळाला हात लावला. "जाऊ दे मग. निघेल दोन दिवसांत. मी तर येणारच आहे. आमच्या विभागाचीही काही हरकत नाही. फक्त एक छोटं वाक्य घालते हं, 'हे जेवण कोणत्याही तिसऱ्या देशाविरुद्ध नाही.' उगाच बीजिंगचा गैरसमज नको."

झालं! ते वाक्य रशिया विभागाने वाचलं. त्यांचं म्हणणं पडलं, की जेवण कुणाविरुद्ध नाही असं आपण होऊन सांगणं हा दुबळेपणा आहे. दोन्ही विभाग दिवसभर भांडले आणि संध्याकाळी तडजोड झाली: 'हे जेवण तूर्त कोणत्याही देशाविरुद्ध नाही, परंतु तो पर्याय खुला आहे.'

कायदा विभाग म्हणाला, 'या' हे बंधनकारक वाटतं. तिथे 'येण्याची शक्यता तपासून पाहावी' असं झालं. व्यापार विभाग म्हणाला, मांस कुठल्या देशाचं ते कळल्यावर बाकीचे देश रुसतील. मांसाचा 'मुख्य पदार्थ' झाला. युरोप विभागाला टेबलाचा धसका बसला. अमेरिकेचं टेबल मोठं आहे आणि ते भरायला माणसं नाहीत, हे मित्रराष्ट्रांच्या कानावर गेलं तर? शेवटचं वाक्य सबंध उडालं.

नदीपलीकडच्या लष्करी इमारतीतून तर एक कर्नल स्वतः चालत आला. त्याने वेंडेलसमोर खुर्ची ओढली.

"हॅस्किन्स साहेब, जेवण चांगलं आहे. पण त्यातून बाहेर कसं पडायचं?"

"म्हणजे?"

"आत शिरणं सोपं असतं हो. आम्ही बऱ्याच ठिकाणी शिरलोय. बाहेर पडायचा आराखडा काय?"

"जेवण झालं की लोक आपापल्या घरी जातील."

"असं आम्हालाही दर वेळी वाटतं," कर्नल खिन्नपणे म्हणाला आणि 'टप्प्याटप्प्याने निरोप' असा एक परिच्छेद जोडून गेला.

बुधवारी, म्हणजे वेंडेलच्या नोकरीच्या शेवटच्या दिवशी, तो कागद सुरक्षा विभागाच्या टटलसाहेबांकडे पोचला. टटलसाहेबांनी कागद पाहिला. त्यात चीन होता, रशिया होता, मित्रराष्ट्रं होती, लष्कराचा आराखडा होता, वेळ होती आणि पत्ता होता. त्यांनी तिजोरीतून लाल शिक्का काढला आणि कागदावर दाणकन मारला. अतिगोपनीय.

ग्रेचेन झेरॉक्स मशीनपाशी येऊन उभी राहिली. तिचा चेहरा पडला होता.

"वेंडेल, उद्या तुझ्याकडे... मला काही माहीत नाही."

"अगं, तुला मी स्वतः सांगितलंय."

"हळू बोल! ज्यांना तो कागद वाचायची परवानगी आहे, त्यांनी तो बंद खोलीत वाचायचा आणि बाहेर येऊन त्याबद्दल काही करायचं नाही. मी जेवायला आले तर गुपित फोडल्यासारखं होईल. नोकरी जाईल माझी."

"आणि मी?"

"तू आज संध्याकाळी ओळखपत्र परत देणार. म्हणजे उद्यापासून तुलाही ते ठाऊक असता कामा नये."

"माझ्या घरचं जेवण?"

"कुठलं जेवण?" ग्रेचेन म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले, हे मी शपथेवर सांगतो.

गुरुवारी वेंडेलने तरीही मांस चढवलं. दुसरं करणार काय? बटाटे कुस्करले, सहा ताटल्या मांडल्या. मग चारच ठेवल्या. मग त्याही बऱ्याच वाटू लागल्या. सहा वाजले, साडेसहा झाले. रस्त्यावरून एक बाई कुत्रं घेऊन गेली, तेव्हा तिलाच बोलवावं असं त्याच्या मनात आलं. पण कुत्रं पुढे ओढत होतं. तेवढ्यात बेल वाजली.

दारात करड्या कोटातला, पन्नाशीतला माणूस उभा होता. हातात फुलं होती.

"मिस्टर हॅस्किन्स? मी पीटरसन. सांस्कृतिक विभाग."

त्याचा चेहरा पीटरसन या नावाचा नव्हता आणि उच्चार तर अजिबातच नव्हता. तो एका मोठ्या देशाच्या वकिलातीतला होता. कुठल्या, ते मी सांगणार नाही. देश इतका मोठा आहे की त्याला राग आलेला आपल्याला परवडत नाही.

"काय काम काढलंत?"

"जेवायला आलोय."

"तुम्हाला कुणी बोलावलं?"

"तुम्हीच."

"छे हो! ते तर अतिगोपनीय आहे!"

"म्हणूनच आमच्यापर्यंत आलं," पीटरसन म्हणाला. "साधं पत्र असतं तर आम्ही ढुंकून पाहिलं नसतं."

वेंडेल आयुष्यभर असल्या माणसांपासून चार हात दूर राहिला होता. पण घड्याळात सातला पाच कमी होते. त्याने दार पूर्ण उघडलं.

"या आत. कोट इथे अडकवा."

पीटरसनने टेबलाभोवती एक चक्कर मारली, खाली वाकून पाहिलं, लाकडावर हात फिरवला.

"मी तुमचे सगळे खर्डे वाचले. पहिल्यात टेबलाबद्दल एक वाक्य होतं, पुढे गायब झालं. आमच्या राजधानीत म्हणाले, अमेरिकेने गाळलं म्हणजे खरी गोम तिथेच. टेबल म्हणजे पॅसिफिक महासागर."

"टेबल म्हणजे टेबल."

"मीही तेच कळवलं. त्यांनी विचारलं, कशावरून?" पीटरसन खुर्चीत बसला. "मी म्हटलं, माझ्या खोलीतही असंच एक मोठं टेबल आहे."

वेंडेलने त्याच्या ताटलीत मांस आणि बटाटे वाढले. मग फोन वाजला आणि वेंडेलने तो झडप घालून उचलला.

"बाबा, आलं का कुणी?"

"आलंय ना. बोल त्यांच्याशी." त्याने फोन पुढे केला.

"नमस्कार बाई," पीटरसन म्हणाला. "तुमच्या वडिलांवर आमचं फार दिवसांपासून लक्ष आहे. बटाटे उत्तम झालेत."

पलीकडे कॉनी रडत होती की हसत होती ते कळलं नाही, पण घराचा विषय संपला.

पीटरसनने दुसऱ्यांदा वाढून घेतलं आणि घास तोंडाशी नेता नेता खिडकीकडे पाहिलं. रस्त्यापलीकडे एक निळी गाडी उभी होती. आत दोन माणसं होती.

"ते माझे," तो म्हणाला. "म्हणजे तुमचे. मी जाईन तिथे मागे असतात. त्यातला जाड्या हल्ली फार खोकतो. आज सकाळपासून दोघांनी काही खाल्लेलं नाही. मी कुठे थांबलोच नाही ना."

वेंडेल चपला घालून रस्ता ओलांडून गेला आणि काचेवर टकटक केली. काच बोटभर खाली आली.

"आम्ही इथे नाही आहोत, साहेब," जाड्या म्हणाला.

"नसाल. पण जेवलात का?"

आत कुजबुज झाली. "ए, घरात शिरायची परवानगी आहे का रे?" "नाही. पण नजरेआड होऊ द्यायचा नाही असा हुकूम आहे. आणि इथून त्याचं ताट दिसत नाही."

"ताटावर लक्ष ठेवणं महत्त्वाचंच," वेंडेल गंभीरपणे म्हणाला.

त्या संध्याकाळी ते टेबल सबंध भरलं. जाड्याने मांसाचा रस्सा तीनदा घेतला. त्याच्या जोडीदाराने पीटरसनला खिडकीजवळ बसायची विनंती केली, म्हणजे कुणी विचारलंच तर खिडकीतून दिसत होता असं सांगता आलं असतं. बायकोच्या गोष्टी निघाल्या. पीटरसनची दुसऱ्या कुणाबरोबर तरी गेली होती, जाड्याची होती पण बोलत नव्हती. टप्प्याटप्प्याने निरोप मात्र कुणाला जमला नाही. बराच वेळ कुणी उठलंच नाही.

पुढचं ओघानेच आलं. पीटरसनच्या राजधानीचा एका जेवणावर विश्वास बसेना. आणखी पाहणी करा, असा हुकूम आला. पीटरसन पुन्हा जाणार म्हटल्यावर निळी गाडीही पुन्हा जाणार. हिवाळाभर दर गुरुवारी वेंडेलच्या घरी दोन महासत्ता जेवल्या आणि जाताना भांडी विसळून गेल्या. जितकं जगात बिनसत गेलं, तितकं या टेबलाशी बरं चाललं. आरमारं समोरासमोर आली त्या आठवड्यात पीटरसनने केक आणला.

आणि मग एप्रिलात एका सकाळी वेंडेलने पेपर उघडला. पहिल्या पानावर दोन्ही देशांचे मंत्री हसत हसत हात मिळवत होते. समेट होणार, एकमेकांच्या वकिलातीतली माणसं कमी करणार, पाळत उठवणार. याच फोटोसाठी वेंडेल सबंध आयुष्य त्या कचेरीत राबला होता. त्याने फोटो पुनःपुन्हा पाहिला. माणसं किती छान हसत होती! चहा गार झाला. घरात फ्रिजचा आवाज तेवढा येत होता, आणि हिवाळाभर तो आवाज आपल्याला ऐकूच आला नव्हता, हे त्याच्या ध्यानात आलं.

दुपारी फोन वाजला. पीटरसन दुसऱ्याच कुणाच्या तरी फोनवरून दबक्या आवाजात बोलत होता.

"पेपर पाहिलात?"

"पाहिला. अभिनंदन. फार चांगलं झालं."

"मनापासून म्हणताय?"

वेंडेलने पेपर उलटा करून ठेवला.

"हे पाहा," पीटरसन म्हणाला. "हे मी तुम्हाला सांगता कामा नये. माझी मान जाईल. तुम्ही उगाच जिवाला लावून घ्याल म्हणून सांगतो. तो हात मिळवणं सगळं नाटक आहे. मंगळवारी आमची माणसं बैठकीतून उठून जाणार आहेत. मी कुठेही जात नाही."

फोन ठेवल्यावर वेंडेल कितीतरी वेळ उभाच राहिला. इतक्या वर्षांच्या नोकरीत त्याच्या हाती पहिल्यांदाच खरंखुरं गुपित आलं होतं. ते वेळेवर पोचलं तर अमेरिका सावध होईल, कदाचित बोलणी वाचतीलही. अशा वेळी निष्ठावंत सरकारी माणसाने काय करायचं ते त्याला पाठ होतं. त्याने फोन उचलला आणि जुन्या कचेरीचा नंबर अर्धा दाबला. थांबला. मग तो पुसून त्याने खाटकाला फोन लावला.

"हॅस्किन्स बोलतोय," तो म्हणाला. "गुरुवारचं मांस. या खेपेला जरा जास्तच द्या."