अल् खुवैरीं उतरलेल्या तांबड्या फरासिसी मद्याची कैफियत

राजमान्य देवेशराव, मुक्काम मस्कत शहरीं अल् खुवैर, मजला तिसरा, यांचे घरीं सन दोन हजार पंधरांत फरासिसी मद्य कैसें आलें आणि त्याची काय गत जाहली, तें पोर निजलें असतां घाईनें लिहिलें असे.

देवेशरावांचे वरिष्ठ रेनेसाहेब जातीचे फरासीस. दुक्मच्या रिफायनरीवर दोन सालांकरितां कोणास रवाना करावें, याचा कुल इख्तियार त्यांजकडे. दुक्म म्हणजे दीडशे कोस दूर, वाळवंट, तेथें कबिला नेण्याची सोय नाही. पत्नी पूर्वाबाईंचे कडेवर दीड वर्षांचा स्वरूप, म्हणोन देवेशरावांची रवानगी टळावी या हेतूनें त्यांनी साहेबांस शुक्रवारी जेवावयास बोलाविण्याची मसलत केली. साहेबांनी आपले मामांचे द्राक्षमळ्याची, शातो मोर्वालची, बाटली आगाऊ धाडिली आणि सोबत खलिता, कीं जमीन खडकाळ, वेली म्हाताऱ्या, मद्य स्वभावें तुसडें. पहिल्या घोटास जीभ आखडते, मग दोन तास हवा खाल्ली कीं माणसांत येतें आणि जांभळाची व ओल्या मातीची याद देतें. सबब आधी उघडणें.

मग पूर्वाबाईंनी पांच वाजतां बूच काढिलें, आणि मद्य काचेच्या जगांत ओतिलें, आणि स्वरूपाचा हात पोहोचूं नये म्हणोन वरल्या फळीवर चढविलें, आणि तीन वेळां जाऊन पाहिलें, आणि चौथे वेळीं पोर रडलें. तेवढ्यांत सासूबाई प्रेमाबाई, ज्या दरसाल मालवणाहून कोकमाचें आगळ दारूच्या जुन्या बाटल्यांत भरून आणीत, स्वयंपाकघरांत दाखल जाहल्या.

"आई, फळीवरचा जग?" पूर्वाबाईंनी परतोन पुसलें.

"सोलकढी केली गो. यंदाचं आगळ भारी तुरट, दोन नारळ लागले."

देवेशराव म्हणाले, "खलास. बॅग भरतो."

तों साहेब दारीं. पूर्वाबाईंनी सर्व गुन्हा कबूल करून जांभळट वाटी पुढें ठेविली. साहेब प्याले, आणि रिकामी वाटी खालीं ठेविली.

"घ्या हो, पोटाला बरी," प्रेमाबाई म्हणाल्या, आणि वाटी पुन्हा भरली.

मग साहेबांनी फर्माविलें, कीं मामांचें मद्य दोन तासांत माणसांत येतें, तें येथें पाऊण तासांत कोकणांत गेलें. ज्याचे घरीं ऐसा प्रकार घडतो, तो इसम दीडशे कोसांवर बिननजरेचा सोडणें कंपनीस धोक्याचें. सबब मस्कतींच आमचे डोळ्यांसमोर राहावा.

हा हुकूम अपमानाचा कीं मेहेरबानीचा, याचा विचार देवेशराव करीत असतां पूर्वाबाईंनी उरली सोलकढी बेसिनांत ओतिली, स्वरूपाचे तोंडीं थेंब लागूं नये म्हणोन पातेलें दोनदां घासलें, आणि त्या दिवशीं प्रथम खुर्चीवर बसल्या. येणेंप्रमाणें दुक्मची मोहीम घरबसल्या फत्ते जाहली असे.