अकरा गवंडी, दर्जा पहिला

संघ हरतो तो मालक नसल्यामुळे. खेळता येत नाही म्हणून एखादा संघ हरल्याची नोंद क्रीडा-इतिहासात कुठेही सापडत नाही.

आमच्या 'खाडीपट्टा इलेव्हन'चंच घ्या. कुवेतमधल्या सुलैबियाच्या लेबर कॅम्पात राहणाऱ्या, गुहागरकडच्या गवंड्यांचा हा संघ. शुक्रवारच्या सुट्टीत गोदामांमागच्या कडक वाळूवर काथ्याची मॅटिंग अंथरायची, चार कोपऱ्यांत खिळे ठोकायचे आणि हरायचं, असा त्यांचा क्रम. शुक्रवार लीगमध्ये संघ आठ, आणि सहा वर्षं आम्ही आठवे. (एका वर्षी एक संघ फिरकलाच नाही, सातच खेळले. तरी आम्ही आठवे. सातव्या जागी समितीने त्या न आलेल्या संघाचं नाव घातलं.) एकूण सामने ब्याऐंशी, विजय दोन. पहिला, समोरच्यांची बस चुकून वफ्राच्या रस्त्याला लागली म्हणून. दुसरा, समोरच्यांना त्या शुक्रवारी ओव्हरटाइम लागला म्हणून. मी संघाचा मानद सचिव आणि पोटासाठी त्याच कंपनीत टायपिस्ट, त्यामुळे माझे आकडे चोख असतात.

कॅप्टन महादेव पाष्टे. चौदा वर्षं कुवेतमध्ये. हात असा, की भिंतीला ओळंबा लावायचा तो केवळ इंजिनिअरच्या समाधानासाठी. २००२च्या मार्चमध्ये तो कॅन्सल जाणार होता, म्हणजे व्हिसा रद्द करून कायमचा गावी. जाण्यापूर्वी त्याची एकच इच्छा होती.

"समोरची टीम मैदानात उभी आसताना एकदा जिंकायचं हाय, भाऊ. एकदाच. मग मी निघालो."

माणसाने मागावं तरी किती!

पण २००१च्या ऑक्टोबरात संघाचं नशीब उघडलं. आमच्या कंपनीचे शत्रुघ्नशेट यांनी संघाची मालकी घेतली. (कंपनीचे कागदोपत्री मालक एक स्थानिक कफील होते, पण त्यांना क्रिकेट म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. सुखी माणूस.) शेटनी महादेवला शुवैखच्या ऑफिसात बोलावून घेतलं.

"महादू, आपली टीम का हरते?"

"शेट, समोरचे जास्त रन काढतात."

"चूक. मालक नाही म्हणून हरते. आजपासून मी मालक."

"बरं झालं," महादेव म्हणाला. त्याला खरंच बरं वाटलं. ऑफिसात चहा मिळण्याची ती चौदा वर्षांतली पहिलीच वेळ.

आधी टी-शर्ट आले. पाठीवर नंबर, छातीवर शेटचा फोटो. मग शेटनी तीन शुक्रवार गाडीत एसी लावून खेळाचा अभ्यास केला आणि निष्कर्ष काढला, की संघात दोष असा काही नाही, फक्त ते अकरा खेळाडू तेवढे बदलायला हवेत. त्यांनी गावाकडच्या टेनिस बॉल स्पर्धांत मोटारसायकली जिंकणारी अकरा पोरं हेरली. आता कुवेतमध्ये 'सलामीवीर' या हुद्द्याचा व्हिसा मिळत नाही, ही सरकारी त्रुटी आहे. ती दूर करण्यासाठी मी स्वतः यादी टाइप केली. वेगवान गोलंदाज यासिर मुकादम: प्लास्टर गवंडी, दर्जा पहिला, अनुभव नऊ वर्षं. (वय एकोणीस.) सलामीवीर रितेश घाणेकर: टाइल फिटर, दर्जा पहिला. असे अकरा. महादेव आणि मंडळी कधीकाळी आली ती 'हेल्पर' म्हणून, आणि कागदावर हेल्परच राहिली होती. त्यांच्याकडे दर्जा नव्हता, काम तेवढं येत होतं.

डिसेंबरात पोरं आली आणि परिपत्रक निघालं: बोटांच्या काळजीस्तव खेळाडूंनी सिमेंटला स्पर्श करू नये. कोणीतरी तो करणं भाग असल्याने जुन्या अकरांनी बावीस जणांचं काम करावं, शुक्रवार धरून.

काम मैदानाला लागूनच होतं, दोन मजली गोदामाचं. ताबूक, म्हणजे इथली वीट, चांगली वजनदार असते. ती वर पोचवायची रीत अशी: खालच्याने फेकायची, परांचीवरच्याने झेलायची, त्याने फेकायची, वरच्याने झेलायची. माणशी दिवसाला हजारेक. सुटली तर खालच्याचं डोकं फुटतं, म्हणून सुटत नाही.

नवा संघ सलग नऊ सामने जिंकला. पहिल्या विजयाला महादेवने परांचीवरून थापीने घमेलं वाजवलं. दुसऱ्याला वाजवलं नाही.

"जिंकली ना रे टीम?" मी खालून ओरडलो.

"जिंकली. शेटची," तो म्हणाला आणि पुढचा ताबूक झेलला.

मला फार वाईट वाटलं. पण यादी मीच टाइप केली होती, तेव्हा मी ते कुणाला सांगितलं नाही.

फायनल फेब्रुवारीच्या शेवटच्या शुक्रवारी. गोदामाचा ताबा द्यायचा शनिवारी. सकाळी सातला कन्सल्टंटचा इजिप्शियन इंजिनिअर हातात माझीच यादी घेऊन हजर! दर्शनी भिंतीचं प्लास्टर पहिल्या दर्जाचेच गवंडी करतील. परांचीवर एक जरी हेल्पर दिसला तरी काम बंद. झालं. सगळी बॅटिंग ऑर्डर परांचीवर चढली.

"महादूदादा, थापी कशी धरायची?" यासिरने वरून हळूच विचारलं.

"बॉलसारखी नको धरूस," महादेव म्हणाला. यापलीकडे त्याला तरी काय सुचणार?

इकडे अंपायर घड्याळ दाखवू लागले. पंधरा मिनिटांत टॉस नाही तर सामना समोरच्यांना. शेटचा चेहरा त्यांच्याच टी-शर्टवरच्यापेक्षा लांब झाला. शेवटी ते जुन्या अकरांवर खेकसले, "बघता काय? उतरा मैदानात!" नियमाप्रमाणे नावं आधीच दिलेली होती. पण समोरच्या कॅप्टनने महादेवच्या मंडळींना एकदा नीट न्याहाळलं आणि मोठ्या मनाने सांगितलं, "हे खेळणार? मग आमची हरकत नाही. नावं कुठलीही लिहा."

समोरचे सेहेचाळिसांत खलास. नऊ झेल. त्यांचे फलंदाज चेंडू उंच मारत होते आणि जिथे मारत तिथे आमचा एकेक माणूस हात पसरून उभा असे. चेंडू ताबूकपेक्षा इतका हलका, की एकदोघांनी झेलल्यावर सवयीने वर फेकून दिला. दहावा धावबाद. आम्ही सत्तेचाळीस काढले ते एकोणीस षटकांत, त्यांतले चौदा वाइड. महादेव नाबाद बारा. समोरची टीम मैदानात उभी होती. मी स्वतः मोजली, पूर्ण अकरा होती.

महादेव मॅटिंगवर बसला आणि ढसाढसा रडला. मीही रडलो, उगाच खोटं कशाला सांगू?

"बघितलंस?" शेट मला म्हणाले. "टीमला मालक लागतो."

हे नाकारता येत नाही. दिवसाला हजार ताबूक झेलायला लावणारा दुसरा कोण भेटला असता?

सामनावीर यासिर मुकादम. (त्या वेळी तो बादलीत पाणी जास्त झालं की सिमेंट कमी, या विचारात होता.) फोटोसाठी नावाप्रमाणे माणसं हवीत म्हणून पोरांना खाली बोलावलं, टी-शर्ट अदलाबदल झाले, इंजिनिअर नमाजाला गेला होता, तेवढ्यात जुने अकरा वर चढले आणि भिंत खरवडून पुन्हा प्लास्टर करू लागले. महादेव मार्चमध्ये कॅन्सल गेला. जाताना म्हणाला, "निकालाचा कागद दे, घरी दाखवीन." मी दिला. त्यात त्याचं नाव नव्हतं.

तो फोटो अजून शुवैखच्या ऑफिसात आहे. पाहणारा प्रत्येक जण विचारतो, "नव्या मालकाने टीम सुधारली म्हणायची?" मी हो म्हणतो. मागे परांचीवर अकरा माणसं पाठमोरी दिसतात, त्यांच्याविषयी आजवर कोणी विचारलेलं नाही.

तुम्ही अर्थातच तसे नाही. तुमचा जीव पहिल्यापासून त्या जुन्या संघातच अडकला होता. मग त्यांच्यापैकी महादेव सोडून एकाचं नाव सांगा.

वर पुन्हा शोधू नका. मी टाइप केलेलं नाही, आणि इथवर तुम्हीही विचारलेलं नाही.