गफूरभाईंचं “हाय का सर?”

लातूरच्या एमआरआय सेंटरमधले गफूरभाई पेशंटला मशीनमध्ये घातलं की दर चार मिनिटांनी माइकवरून विचारतात, “हाय का?” पेशंटनं “हाव” म्हटल्याशिवाय पुढचा फोटो सुरू होत नाही. माझा तर नुसता पाय आत होता. डोकं बाहेर. मी जाणार कुठं?

पाय आत का गेला ते सांगायला लाज वाटते. मी ट्यूशनमध्ये फिजिक्स शिकवतो. गुरुत्वाकर्षण पोरांच्या डोक्यात बसावं म्हणून टेबलावरून उडी मारली. नियम सिद्ध झाला, घोटा मोडला. ऑपरेशन होऊन सहा महिने झाले तरी सूज हटेना. आत शिवलेलं लिगामेंट सुटलं असेल तर पुन्हा ऑपरेशन, आणि ऐन परीक्षेच्या तोंडावर दोनशे पोरं वाऱ्यावर! मी पार टरकलो होतो.

“अंगावर लोखंड?” गफूरभाईंनी विचारलं.

“नाही.”

“अन् घोट्यातले स्क्रू?”

“ते टायटॅनियमचे. त्याला चुंबक ओढत नाही,” म्हणून मी आडवा पडल्या पडल्या लेक्चर ठोकलं.

“बराबर हाय सर. पर फोटोत तिथं काळा डाग पडतो. लई येळ लागंल. पाय हलवू नका.”

पाय हलला. “हाय का सर?” झालं की “च्या घेतला का सर?”, “गाव कोन्तं सर?” आणि मला हातवारे केल्याशिवाय उत्तर देता येत नाही. तिसऱ्यांदा फोटो बिघडल्यावर मी वर्गातल्यासारखा खेकसलो, “एकदम चूप! आवाज नकोय मला!”

माइक बंद झाला. मशीनही सुरू होईना. मान वळवून बघतो तर काचेपलीकडं गफूरभाई डोळे पुसत होते. मग आत आले.

“माफ करा सर. भूकंपात बहीण ढिगाऱ्याखाली होती. आतून बोलून राहिली होती. मीच म्हनलो, गप पड, दम राखून ठेव. ती गप पडली. मी खणूनच राहिलो.”

रोज दोनशे पोरांना गप्प करणारा मी. मला माझीच शरम वाटली. मी विचारलं, “नाव काय तिचं?”

“शमीम.”

“कशी होती? मशीन थांबलं की सांगत जा. मी हात पाठीखाली दाबून ठेवतो.”

शमीम ऊस चोरायची आणि मार गफूरभाई खायचे. शमीम झाडावर चढायची आणि उतरवायला ह्यांना हाका मारायची.

लिगामेंट टिकलं होतं. डॉक्टर म्हणाले, “फोटो झकास आलेत. पाय जरासुद्धा हलला नाही.”

कसा हलेल? जन्मात पहिल्यांदाच मी दुसऱ्याचं ऐकून घेत होतो.