मामांना शिळंच आवडतं

आमच्या गल्लीत लोक एकमेकांना 'जेवण झालं का?' विचारतात. सोनकांबळे मामा विचारायचे, 'उरलं का काही?'

नांदेडला तरोड्याकडं मी भाड्यानं राहायला आले त्या दिवशी हा प्रश्न पहिल्यांदा कानावर पडला. टेम्पोतून कपाट उतरत होतं. एक उंच, वाळकेसे गृहस्थ पायजमा-बनियनवर जिन्याशी उभे राहिले आणि हेच विचारते झाले. मला वाटलं, बिचारे उपाशी दिसतात. बिलोलीहून आईनं बांधून दिलेल्या डब्यात दोन धपाटे होते, ते पुढं केले. त्यांनी हातात घेऊन वास घेतला.

"आजचेत का कालचे?"

"कालचे. रात्री केलेत आईनं."

"मग चालतेत," म्हणाले आणि पायरीवर बसून दोन्ही खाल्ले. हात धोतराला पुसावा तसा पायजम्याला पुसला आणि म्हणाले, "पाण्याची मोटार सकाळी सहाला लावतो. बादल्या भरून ठेवत जा." तेव्हा मला कळलं की हेच घरमालक.

मी एका शाळेत गणित शिकवते. माझे यजमान नोकरीनिमित्त लातूरला, शनिवारी येतात. आठवडाभर मी एकटी, त्यामुळं माझ्या घरी उरायचं पुष्कळ. मामांची आणि माझी मैत्री झाली ती अशी.

मामा कालवा निरीक्षक म्हणून निवृत्त झालेले. सगळी नोकरी इस्लापूरपासून देवणीपर्यंत पाण्याच्या मागं हिंडण्यात गेली. निवृत्तीनंतर त्यांनी शिळ्या अन्नाचं खातं उघडलं, असं गल्ली म्हणायची. माघारी त्यांना 'शिळोबा' म्हणायची. मामांना ते माहीत होतं. ताज्या अन्नाला ते हातच लावत नसत. रात्री मामी रांधायच्या, ताट वाढायच्या, आणि मामा भाकरी नि ठेचा तेवढा खाऊन भाजी-वरण बाजूला सारायचे. "सकाळी खातो." मग ते फ्रिजात जायचं आणि सकाळी वेगळंच रूप घेऊन बाहेर यायचं. वरणाचे धपाटे व्हायचे. भाताचे सांडगे गच्चीवर वाळायचे. भाकरीचा कुस्करा, पोळीचा लाडू, आंबाडीच्या भाजीची भजी. हे सगळं मामा स्वतः करायचे आणि त्यातला वाटा जिना चढून माझ्यापर्यंत यायचा.

"ताजी भाजी म्हणजे नवा जावई," ते मला सांगायचे. "नुसता फुगलेला. रातभर बसू द्या मॅडम, मग घरचा होतो."

समोरच्या शिलाईच्या दुकानाच्या मालकीणबाई नफीसा आपा. ईदला त्यांनी बिर्याणीचं पातेलं आणून दिलं. मामांनी झाकण उघडून बघितलं, 'वा' म्हटलं आणि पातेलं फ्रिजात ठेवून दिलं. आपा दारातच थिजल्या.

"हौ मामा, बिर्याणी कोण फ्रिजात ठेवतंय? गरम खावा ना!"

"गरम असल्यावर नुसती जीभ खाती आपा. थंड झाल्यावर पोट खातंय."

आपा पंधरा दिवस बोलल्या नाहीत. मीही मनात म्हटलं, माणूस सनकी आहे. बायको रोज एवढं रांधते, तिच्यासमोर ताजं ताट सारायचं म्हणजे काय? गयामामी तशा मितभाषी. गोऱ्या, ठेंगण्या, कपाळ मोकळं. मामांनी ताट सारलं की त्या गालात हसायच्या आणि मला म्हणायच्या, "ह्यांचं असंच हाय बाई. पहिल्यापासून शिळंच गोड लागतंय."

पहिल्यापासून नव्हतं, हे मला एका सकाळी कळलं.

शाळेला सुट्टी होती. मामी रोज सकाळी कोपऱ्यावरच्या बुद्धविहारात जायच्या, गल्लीतल्या दोघी-तिघींबरोबर, तासाभरासाठी. मोटारीचं बटण बंद करायला सांगावं म्हणून मी खाली गेले. दार उघडंच होतं. स्वयंपाकघरात मामा पाठमोरे उभे. हातात पिठाची चाळणी, चाळणीत वांग्याची भाजी, आणि ती भाजी ते नळाखाली धूत होते.

"मामा, भाजी धुताय?"

दचकले. मग म्हणाले, "हाव. मळली होती."

मी हसले. ते हसले नाहीत. चाळणी ओट्यावर ठेवली, वांग्याची एक फोड उचलून माझ्या हातावर दिली. मी तोंडात घातली आणि थुंकायला मोरीकडं पळाले. धुतल्यावरही ती निव्वळ मिठाची होती.

"तीनदा पडलंय," मामा म्हणाले. "दोनदा पडलं तर धपाट्यात खपतंय. पीठ वाढवायचं. तीनदा पडलं की धुवावं लागतंय."

ओट्यावर रात्रीचे डबे ओळीनं होते. प्रत्येकावर चिकटपट्टी आणि तिच्यावर आकडा. वरण दोन. भाजी तीन. भात एक. हे आकडे मी फ्रिजात कितीतरी वेळा बघितले होते. मला वाटायचं, किती जणांना पुरेल त्याचा हिशोब असेल. गणिताची बाई मी, पण कधी विचारलं नाही.

"दीड वर्ष झालं," मामा खाली बघत बोलू लागले. "मीठ टाकती, इसरती, परत टाकती. खारट झालेलं तिला कळत बी न्हाई. कधी टाकतच न्हाई. परवा वरणात साखर घातली. त्याच्या पोळ्या केल्या, तुम्हाला पुरणपोळी म्हणून दिल्या की."

मला ती पुरणपोळी आठवली. घासात लसणाची पाकळी लागली होती. मामांची काही नवी पद्धत असेल म्हणून मी गप्प बसले होते, वर कृतीही विचारली होती. आम्ही दोघं एकमेकांकडं बघून हसलो, पण ते हसू लवकर विझलं.

"डॉक्टरला दाखवलं का?"

"दाखवलं. गोळ्या हायेत. कमी व्हायचं न्हाई म्हणले, हळूहळू वाढतच जाईल."

"मग मामींना सांगत का नाही? नाहीतर एखादी बाई लावा स्वयंपाकाला."

"सांगितलं होतं एकदा. वरण खारट झालंय म्हटलं. तर तीन दिवस चुलीपाशी गेली न्हाई. भिंतीकडं तोंड करून बसली. म्हणाली, मला कामून ठेवलंय मग घरात?" मामांनी चाळणी पुन्हा नळाखाली धरली. "तवापासून मला शिळं आवडतंय."

बाहेर विहारातून परतणाऱ्या बायकांचा आवाज आला. मामांनी भाजी घाईघाईनं पिळून काढली, परातीत घातली, त्यावर ज्वारीचं पीठ ओतलं. मामी आत आल्या तेव्हा ते पीठ मळत होते.

"काय करून राहिलाव?" मामींनी विचारलं.

"धपाटे. रात्रीची भाजी लई भारी झाली होती, थोडी राखून ठेवली."

मामी माझ्याकडं बघून गालात हसल्या.

त्यानंतर मीही त्या कटात सामील झाले. जास्त खारट असेल ते मामा वर आणून द्यायचे, मी बटाटे उकडून ठेवायचे. नफीसा आपांना मी सगळं सांगितलं. त्या रडल्या. नंतर त्यांनी बिर्याणी पाठवली तेव्हा झाकणावर स्वतःच चिठ्ठी लावली होती, 'कालची आहे.' ती मात्र मामांनी लगेच, उभ्या उभ्या खाल्ली. गरम होती.

असंच चालत राहिलं असतं, पण थंडीच्या दिवसांत एका संध्याकाळी मी शाळेतून आले तर जिन्यात गॅसचा वास. धावत मामींच्या स्वयंपाकघरात गेले. शेगडीची दोन्ही बटणं उघडी, ज्योत कुठंच नाही, खिडकी लावलेली. आणि मामी तिथंच खाली बसून शांतपणे लसूण सोलत होत्या. मी बटणं फिरवली, खिडक्या उघडल्या, त्यांना धरून अंगणात आणलं. "काय झालं गं?" त्या विचारत राहिल्या. हातात लसणाची एक पाकळी घट्ट धरलेली होती.

मामा औषधाच्या दुकानातून परतले. मी सांगितलं ते त्यांनी ऐकून घेतलं. स्वयंपाकघरात गेले, सिलेंडरचा रेग्युलेटर काढला आणि तो खिशात घालून बाहेर आले. सिलेंडर त्यांनी आणि आपांच्या मिस्टरांनी मिळून माझ्या घरी वर चढवला. मग मामा माझ्या खुर्चीवर बसले. बराच वेळ रेग्युलेटर हातात फिरवत होते.

"आज तिची चूल मी बंद केली," एवढंच म्हणाले.

लातूरहून त्यांची मुलगी सुनीता आली. दोघांनाही घेऊन जाते म्हणाली. मामा म्हणाले, "हितं तिला मोरी कुठं हाय ते तरी ठाव हाय. तिकडं नव्या घरात ती काय काय शोधत बसंल?" सुनीता दोन दिवस राहिली, आईचे केस विंचरले, साड्या घड्या घालून ठेवल्या आणि डोळे पुसत गेली. आता दर रविवारी येते.

मामी रोज विचारायच्या, "गॅस आला का?"

"नंबर लावलाय. उद्या येतो म्हणालेत."

हे संवाद मी जिन्यातून ऐकायचे. रोज तोच प्रश्न, रोज तेच उत्तर, आणि रोज मामींचा चेहरा आशेनं उजळायचा.

मामा आता दुपारी चारला माझ्या घरी येऊन स्वयंपाक करू लागले. किल्ली मी त्यांच्याकडंच दिली होती. तेव्हा एक गंमत उघडी पडली. मामांना ताजा स्वयंपाक येतच नव्हता. बिघडलेलं दुरुस्त करायला ते तरबेज, पण कोऱ्या पातेल्यासमोर उभं राहिलं की गोंधळायचे. पहिलं वरण पाण्यासारखं झालं. पहिली भाकरी तव्यावर तीन तुकडे होऊन पडली. मी शाळेतून येईपर्यंत पिठानं माखलेले मामा माझी वाट बघत बसायचे. "मॅडम, मीठ किती?" हे विचारताना त्यांचा आवाज चाचरायचा. मी चमच्यानं दाखवायचे. ते एकदाच टाकायचे आणि बरणीचं झाकण घट्ट लावून बरणी फडताळात ठेवून द्यायचे.

झालेलं सगळं ते खाली न्यायचे, मामी झोपून उठायच्या आत त्यांच्याच पातेल्यांत काढायचे. मामी उठल्या की सांगायचे, "दुपारीच करून ठेवलंस की तू."

"हाव का?" मामी पातेल्यात डोकावायच्या. बोटावर घेऊन चाखायच्या. एकदा म्हणाल्या, "आज हात बिघडला माझा. बेचव झालंय."

"न्हाई न्हाई," मामा म्हणाले आणि दोनदा मागून घेतलं. ते वरण खरंच बेचव होतं. मी खाल्लं होतं.

उन्हाळा लागला तशा मामी आणखी आत आत जाऊ लागल्या. विहारात जाणं बंद झालं. मला कधी सुनीता म्हणायच्या, कधी नर्सबाई. मामांना मात्र ओळखायच्या. मामा त्याचा अभिमान बाळगून होते. "मला न्हाई इसरली," ते आपांना सांगायचे.

गेल्या महिन्यात एका संध्याकाळी मामी अंगणातल्या ओट्यावर मेथी निवडत बसल्या होत्या. मी शेजारी. मामांनी नुकतेच डबे खाली आणून पातेल्यांत काढले होते. ते बाहेर आले आणि पायरीवर टेकले. मामींनी त्यांच्याकडं बघितलं. मग डोक्यावरचा पदर पुढं ओढला, परक्या माणसासमोर ओढतात तसा.

"कोण पाहुणे?" त्यांनी मला विचारलं.

मामांनी चष्मा काढला, पुन्हा घातला.

"मी हितलाच हाय," ते म्हणाले.

"घरी कोण कोण हाय?"

"मंडळी हाय."

"सैपाक करती का?"

"करती की. लई चांगला करती."

"मग हितं कामून बसलाव?" मामींनी मेथीची जुडी खाली ठेवली. "दिवस मावळायला आला. ती वाट बघत बसली असंल, तुमच्याबिगर जेवायची न्हाई. जावा घरी."

"हाव," मामा म्हणाले.

ते उठले. चपला घातल्या. फाटक उघडून बाहेर पडले आणि गल्लीच्या टोकाकडं चालू लागले. मी त्यांना बघत होते. आपांच्या दुकानापाशी ते थांबले, आमच्याकडं पाठ करून. आपा आतून काहीतरी म्हणाल्या असाव्यात, त्यांनी नुसता हात हलवला. थोडा वेळ तसेच उभे राहिले. मग वळले आणि परत आले. फाटकाची कडी जरा जोरातच वाजवली.

"गया, आलो बरं का."

मामींनी मान वर केली. पदर मागं सारला. मेथीच्या काड्या मांडीवरून झटकल्या आणि ओट्याला धरून उठू लागल्या.

"किती उशीर केलाव? हातपाय धुवा. ताट वाढते."

मामा नळाकडं गेले.