राघूवर चालून आलेले चॉकलेट आणि इंदूबाईंचा रुसवा

श्री. मौजे भिसेगाव, तालुके कर्जत, येथे शके अठराशे शहाण्णव, माघमासी, राघू पोपटावर चॉकलेटाची स्वारी चालून आली आणि राजश्री इंदूबाईसाहेब यांणी ती परतविली, त्याचा वृत्तांत जैसा घडला तैसा लिहितो. पोपटापायी एवढी शाई कशास, ऐसे कोणी म्हणेल, तर त्याने खुशाल उठोन जावे. आम्ही काही पाय धरोन बसविले नाही.

प्रथम गनिमाची ओळख. चॉकलेट म्हणजे खाऊ, पोरेबाळे खातात आणि बोटे चाटतात. परंतु पाखराचे देही ते निखळ जहर. मागले दिवाळीत शेजारीण चंद्राबाई इजकडे मुंबईचा पाहुणा आला आणि त्याने लाडाने तिचे पोपटास तुकडा भरविला, आणि सांजेपावेतो पोपट ओकू लागला, मग पंख झाडू लागला, मग आचके देऊन पिंजऱ्याचे तळाशी निपचित पडला. गुरांचे दवाखान्यातील कंपाउंडर गजाभाऊ यांणी फर्मान काढिले, की "चॉकलेटानं पाखराचं काळीज धावत सुटतं नि बंद पडतं. मान्साला काय होत नाय, पाखराला नखाएवढा तुकडा बी पुरं." तेव्हापासून आळीत तमाम पिंजऱ्यांस चॉकलेटाची बंदी जाहली.

इंदूबाई या यजमान श्रीपतराव यांच्या वडील भगिनी. एकोणिसावे वर्षी कुंकू पुसले आणि माहेरी आल्या, त्या चुलीपाशी बसल्या त्या बसल्याच. आंब्याचे ढोलीतून पडलेले पिल्लू त्यांणी भिजली डाळ भरवोन वाढविले, तोच हा राघू. घरात बाईंशी दिवसभर बोलणारा तो एकटा. बाकीचे "आत्या, चहा" इतकेच बोलत.

मग ऐसे जाहले, की श्रीपतरावांची कन्या जया इजला खालापूरचे स्थळ आले आणि मुलाचे चुलते येसाजीराव खाशा स्वारीनिशी बैठकीस दाखल जाहले. मिशा भरघोस, आवाज ऐसा की ओटीवरील भांडी झणझणावी. मुलाचा वडील बंधू बोटीवर नोकरीस, त्याने परमुलखातून धाडिलेला चॉकलेटाचा डबा येसाजीरावांनी नजराणा म्हणोन पुढे ठेविला. बोलणी गोडीने चालली, सुपारी फुटावयाची तेवढी राहिली, आणि इतक्यात येसाजीरावांची नजर पिंजऱ्यावर गेली.

"वा रं राजा! तू बी खा!" ऐसे बोलोन त्यांणी डब्यातील एक वडी उचलिली आणि पिंजऱ्यावर चाल केली. राघू मुळचाच हावरा, तो चोच वासोन गजांशी हजर.

श्रीपतरावांची गाळण उडाली. होणाऱ्या व्याह्याचा हात धरावा तर बेइज्जत होते. तुमचे चॉकलेट जहर आहे म्हणावे, तर व्याह्याने जहर आणिले ऐसा अर्थ होतो आणि सोयरीक तिथेच बुडते. न बोलावे, तर पोपट मरतो. त्यांणी खाकरोन पाहिले, छताकडे पाहिले, आणि पोपट मेला तरी चालेल ऐसे मनी ठरवोन गप्प राहिले. शाबास रे मर्दा!

दाराआडोन इंदूबाईंनी हे पाहिले. विधवेने शुभकार्याचे बैठकीत येऊ नये, ही घरची चाल. बाई ती चाल ओलांडोन थेट ओटीवर आल्या आणि पदर खोचोन बोलिल्या, "थांबा पावनं! थोरली आत्या जित्ती असताना पैला घास पाखराला? आमी रुसलो!"

रुसवा हे लग्नकार्यातील ब्रह्मास्त्र. रुसलेले माणूस समजाविल्यावाचून सोयरीक पुढे सरकत नाही, हे येसाजीराव पुरते जाणोन होते. त्यांणी वडी माघारी फिरवोन बाईंचे हाती दिली. बाईंनी उभ्या जन्मी चॉकलेट पाहिले नव्हते. तोंडात घातले आणि ते टाळूस चिकटले, तरी गिळिले. मग येसाजीरावांनी राघूसाठी दुसरी वडी उचलिली. "एका घासावर बोळवण करता व्हय?" ऐसे म्हणोन बाई पुन्हा रुसल्या. मग तिसरी, मग चौथी. येणेप्रमाणे नऊ वड्या बाईंनी पोटी घातल्या आणि कपाळी घाम फुटला, आणि पिंजऱ्यात राघू संतापोन शिट्या घालू लागला.

दहाव्या वडीस येसाजीराव हसोन म्हणाले, "आत्याबाय, किती रुसाल वो?"

तेव्हा बाईंच्या तोंडून जे निघाले ते मसलतीतले नव्हते. "सात लग्नं झाली या घरात. एका बी लग्नात मला मांडवात कुनी बोलावलं नाय. मी आत भाकऱ्या भाजल्या. मग मी रुसू कवा?"

जया रडू लागली. श्रीपतरावांनी मान खाली घातली, ती घालावयासच हवी होती. येसाजीरावांनी अवघा डबा बाईंचे ओटीत घातला आणि हुकूम फर्माविला, की या लग्नात पैल्या अक्षता आत्याबाय टाकतील, नायतर लगीन नाय. मग सुपारी फुटली. बाईंनी डबा कडीकुलपात टाकिला आणि दोन दिवस पोट धरोन निजल्या.

पुढे वैशाखी लग्न लागले. बाई नवे लुगडे नेसोन मांडवात सर्वांपुढे उभ्या राहिल्या. परंतु अक्षता केव्हा टाकाव्या, हे त्यांस कोठोन ठाऊक असणार? भटजींनी मंगलाष्टकास नुसता सूर लाविला आणि बाईंनी मूठभर अक्षता उधळिल्या. भटजींनी डोळे वटारिले, मांडवात कोणी फिदीफिदी हसले, आणि बाईंचा चेहरा उतरला. तो येसाजीरावांनी तत्क्षणी आपलीही मूठ उधळिली, मग जयाने अंतरपाटाआडोन उधळिली, मग श्रीपतरावांनी, आणि मग तमाम मांडवाने. पहिले अष्टक संपावयाचे आधी मांडवात एकाचेही हाती अक्षतेचा दाणा राहिला नाही, आणि भटजींस 'सावधान' म्हणोन थांबावे लागले, तो घरातून दुसरी परात येईपावेतो. ऐसी फत्ते जाहली. राघू खुशाल आहे. येथे कलम ठेविले.