आपली माणसं नसलेली शाळा

परदेशी गेलेला प्रत्येक माणूस पोहोचल्या पोहोचल्या आपली माणसं कुठे राहतात याची चौकशी करतो. यात दोन वर्ग पडतात. पहिल्या वर्गाला ती भेटायला हवी असतात, दुसऱ्याला टाळायला. दुसरा वर्ग अधिक शिकलेला असतो, हे वेगळं सांगायला नको.

आपले इंजिनिअर दुसऱ्या वर्गातले. लिफ्ट बसवणाऱ्या कंपनीत ते मोठ्या हुद्द्यावर होते आणि कंपनीने त्यांना सहकुटुंब समुद्रापार धाडायचं ठरवलं होतं. घर आवरणं, सामान बांधणं, गॅसचं कनेक्शन बंद करणं ही किरकोळ कामं त्यांनी बायकोवर सोपवली आणि लेकीची शाळा निवडण्याचं ऐतिहासिक कार्य स्वतःकडे घेतलं. बायको दातांची डॉक्टर होती. दिवसभर ती लोकांना तोंड उघडायला लावी. घरी मात्र तिला तोंड उघडायची संधी क्वचितच मिळे.

लेक आठ वर्षांची. घरात तिचं नाव वकीलबाई, कारण ती कशावरूनही भांडे. गाडीतली खिडकी, टीव्हीचा रिमोट, पोळीचा मधला पदर, कशावरूनही. शेजारच्या मैत्रिणीशी तिची रोज दोनदा कट्टी आणि तीनदा बट्टी होई. (हिशेब जुळत नाही, पण मैत्रिणींना त्याचं काही वाटत नसे.) नव्या शाळेबद्दल तिने एकच प्रश्न विचारला.

"बाबा, तिथं माझ्याशी भांडायला कोण असेल?"

"तिथं कुणी भांडत नाही," बाबा अभिमानाने म्हणाले. "इंटरनॅशनल आहे ती."

"मग मी तिथं करू काय?"

प्रश्न विषयपत्रिकेवर नसल्याने त्याचं उत्तर देण्यात आलं नाही.

नव्या देशात उतरल्यावर शाळांची पाहणी सुरू झाली. पहिली शाळा घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर होती, फी माफक होती आणि शिक्षिका मुलांशी बोलताना गुडघ्यावर बसत. पण फाटकापाशी चार बायका उभ्या होत्या आणि त्यांतली एक म्हणत होती, "अगो बाई, डबा विसरला की गं हा!" इंजिनिअरांनी गाडीतून न उतरताच शाळा नापास केली. एवढ्या लांब येऊन हेच ऐकायचं, तर विमानाला पैसे कशाला घालायचे? (ते कंपनीने घातले होते, पण तत्त्व ते तत्त्व.) दुसऱ्या शाळेला पोहण्याचा तलाव होता, घोडे होते. मात्र तिच्या जाहिरातीतल्या एका फोटोत, मागच्या रांगेत, तेल लावून चापूनचोपून भांग पाडलेला एक मुलगा दिसला. मुलगा कुठलाही असू शकला असता. तेल मात्र ओळखीचं वाटत होतं. धोका पत्करण्यात अर्थ नव्हता.

तिसऱ्या शाळेच्या माहितीपुस्तिकेवर सतरा रंगांची मुलं पृथ्वीच्या गोलाला हात लावून हसत होती. (इंटरनॅशनल शाळांत भूगोल असा हाताने शिकवतात.) प्रवेशाचं काम पाहणाऱ्या बाईंना इंजिनिअरांनी सहज विचारावं तसं विचारलं, "आमच्याकडची मुलं किती आहेत इथं?"

बाईंचा चेहरा पडला. "खरं सांगू? सध्या फारच कमी आहेत हो. तुमच्या मुलीला एकटं वाटेल की काय, अशी काळजी वाटते."

इंजिनिअरांनी मोठ्या कष्टाने चेहरा दुःखी ठेवला. लॉटरी लागलेल्या माणसाला सुतकात बसावं लागलं तर जसं होईल, तसं त्यांचं झालं. घरी कोणती भाषा बोलता, या प्रश्नाला त्यांनी "इंग्लिश" असं एका शब्दात उत्तर दिलं. (त्यांच्या घरात इंग्लिश फक्त वॉशिंग मशीनची गॅरंटी वाचताना वापरलं जाई.) बायकोने काही बोलायला तोंड उघडलं, नवऱ्याकडे पाहिलं आणि मिटलं.

मग शाळा दाखवण्याचा कार्यक्रम झाला. त्यांच्याबरोबर आणखी एक कुटुंब होतं: झुपकेदार मिशीचे एक गृहस्थ, त्यांची पत्नी आणि गोल चेहऱ्याचा मुलगा. मिशीवाले कुठले ते कळायला मार्ग नव्हता. दिवाणखान्याएवढ्या प्रवेशदालनात विश्वबंधुत्वाचं दगडी शिल्प होतं. त्याच्या कोपऱ्यावर मिशीवाल्यांचा अंगठा आपटला आणि ते कळवळून म्हणाले, "आई गं!"

लगेच त्यांनी "आउच" अशी दुरुस्ती केली. पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. माणूस कितीही भाषा शिकला तरी अंगठ्याला एकच येते. दोघा गृहस्थांची नजरानजर झाली आणि पुढच्याच क्षणी दोघंही छताकडे पाहू लागले. इंजिनिअरांना हे नवं नव्हतं. लिफ्टमध्ये मजल्याचे आकडे वर का लावतात, हे त्यांना धंद्यामुळे ठाऊक होतं: ओळखीची माणसं एकत्र आली तर नजर ठेवायला जागा हवी म्हणून. त्या दालनात, एक अक्षर न बोलता, दोन कुटुंबांत अनाक्रमणाचा करार झाला. 'आम्ही तुम्हाला ओळखत नाही, तुम्हीही आम्हाला ओळखू नका.' हा करार त्यांनी रक्ताच्या नात्याहून अधिक निष्ठेने पाळला.

शाळा सुरू झाली. वकीलबाई पहिला महिनाभर काही बोलली नाही. वर्गातून निरोप आला की मुलगी अतिशय शांत आहे. इंजिनिअरांनी तो निरोप दोन्हीकडच्या नातेवाइकांना पाठवला. आठ वर्षं जे आईबापांना जमलं नव्हतं, ते शाळेने महिन्यात करून दाखवलं होतं. फी उगाच नव्हती.

आणि एके दिवशी मुख्याध्यापिकेचं बोलावणं आलं. त्यांच्या खोलीत मिशीवाले सपत्नीक आधीच बसले होते आणि छताकडे पाहत होते. कोपऱ्यातल्या खुर्च्यांवर वकीलबाई आणि तो गोल चेहऱ्याचा मुलगा, पाय हलवत. दोघांचे गाल लाल आणि डोळे चमकत होते. लेकीचा असा चेहरा इंजिनिअरांनी बऱ्याच दिवसांत पाहिला नव्हता.

"गेला महिनाभर ही दोघं कुणाशीही बोलत नव्हती," मुख्याध्यापिका आपल्या इंग्लिशमध्ये सांगू लागल्या. "आज घसरगुंडीपाशी नंबरावरून दोघं पूर्ण सुट्टीभर भांडली. काय भांडली! आणि नंतर एकच सफरचंद आलटून पालटून चावून खाल्लं. ही दोघं बोलत होती ती भाषा कोणती, ते मला जाणून घ्यायचंय. एक वाक्य मी मुद्दाम पाठ केलंय." त्यांनी डोळे मिटले आणि श्लोक म्हणावा तशा म्हणाल्या, "आली मोटी शानी."

इंजिनिअरही छताकडे पाहू लागले.

"ही तुमच्यापैकी कुणाची भाषा आहे का?"

हा सापळा आहे, हे इंजिनिअरांनी तत्काळ ओळखलं. घरी इंग्लिश बोलतो असं सांगून प्रवेश घेतलेला. ते ठामपणे म्हणाले, "नाही. आमची नाही."

"आमचीही नाही," मिशीवाले म्हणाले. आणि करारापलीकडे जाऊन मदत करावी म्हणून त्यांनी पुस्ती जोडली, "कुठल्या तरी बेटावरची असावी."

कोपऱ्यातून वकीलबाई म्हणाली, "बाबा, सांगा ना."

"हीच! हीच ती भाषा!" मुख्याध्यापिका आनंदाने उठल्या. "काय म्हणाली ती?"

इंजिनिअर लेकीकडे न पाहता म्हणाले, "मला समजलं नाही."

मुख्याध्यापिका पुन्हा खाली बसल्या. "अरेरे. एका भाषेची दोन मुलं असली की आम्ही त्यांना मुद्दाम एका वर्गात ठेवतो. मुलं खुलतात, असा आमचा अनुभव आहे. पण मुलांनी आपसांत सांकेतिक भाषा तयार केली असेल, तर त्यांना वेगळं करावं लागतं, नाहीतर ती इतरांत मिसळत नाहीत. वर्ग बदलू ना मग?"

अजून वेळ होती. दातांच्या डॉक्टरांनी तोंड उघडलं. मिशीवाल्यांच्या पत्नीने पदर नसलेला खांदा चाचपला. दोन मजल्यांच्या मध्ये लिफ्ट अडकावी तसे इंजिनिअर क्षणभर अडकले. पण खरं बोलायचं तर आधीचं खोटं कबूल करावं लागलं असतं, आणि तेही मिशीवाल्यांसमोर.

"नियम म्हणजे नियम," ते म्हणाले.

गोल चेहऱ्याच्या मुलाला दुसऱ्या इमारतीतल्या वर्गात हलवण्यात आलं. तिथली सुट्टी वेगळ्या वेळी होई.

वर्षअखेरीच्या प्रगतिपुस्तकात 'समरसता' या विषयात वकीलबाईला सर्वोच्च श्रेणी मिळाली. आता ती रिमोट मागितला की देते, खिडकी सोडते, पोळीला "थँक यू" म्हणते. घरात इतकी शांतता असते की फ्रिज सुरू झालेला ऐकू येतो. एका रविवारी ती शांतता इंजिनिअरांना असह्य झाली. त्यांनी मुद्दाम लेकीच्या हातातला रिमोट ओढला आणि नाक उडवून म्हणाले, "आली मोठी शहाणी!"

आणि वाट पाहिली.

वकीलबाईने त्यांच्याकडे अत्यंत सभ्यपणे पाहिलं. शाळेतल्या सुंदर उच्चारांत तिने विचारलं, "सॉरी डॅड, ही त्या बेटावरची भाषा ना?"

शाळेचं नाव इथे मुद्दाम दिलेलं नाही. वाचता वाचता ते विचारून घ्यावं असं तुमच्या मनात आलं असेल, तर संकोच नको, जरूर कळवू. एवढंच सांगून ठेवतो की तिथल्या प्रत्येक वर्गात आता आपली मुलं बरीच झाली आहेत. सगळ्यांच्या आईबापांनी शाळा त्याच एका कारणासाठी निवडली. पण कुणीही कुणाला ओळखत नाही. तुमची गैरसोय होणार नाही.