सासूबाईंचं विमान आणि माझी फूटपट्टी

सासूबाईंचं विमान किती वाजता उतरणार हे नवऱ्याला न विचारता आपलं आपण काढायचं, असं मी ठरवलं आणि तिथेच माशी शिंकली. तिकिटावर वेळ होती, नाही असं नाही. पण ती तिथल्या घड्याळाची की इथल्या, या शंकेनेच मला घाम फुटला. आणि "प्रत्येक गोष्ट काय मला विचारतेस?" असं नवरा आदल्याच दिवशी म्हणाला होता. मी पदवीधर बाई आहे. (भूगोल पहिल्याच वर्षी सोडला, हे त्याला अजून माहीत नाही.)

सासूबाई थोरल्या नणंदेकडून, समुद्रापलीकडून, आमचा संसार पहिल्यांदाच बघायला येत होत्या. घर लख्ख दिसावं, एवढीच माझी धडपड. मी नकाशावर दोन्ही विमानतळांमध्ये फूटपट्टीने रेघ मारली, सेंटिमीटरचे किलोमीटर केले, त्यांना विमानाच्या वेगाने भागलं. उत्तर आलं संध्याकाळ. नवऱ्याला तसं सांगून ऑफिसला पाठवलं आणि निवांतपणे सगळी कपाटं जमिनीवर उपसली.

मग सहज मोबाइलवर विमान कुठवर आलं ते पाहिलं. ते माझ्या रेघेवर नव्हतंच. भलतीकडेच, पार वर बर्फाच्या दिशेने चाललं होतं. माझ्या हातातलं फडकं गळून पडलं.

समोरच्या इमारतीतल्या जाऊबाईंना मी फक्त एवढंच म्हटलं, की विमान वाट सोडून चाललंय. त्यांनी पुढे कळवताना ते पळवलं, आणि चुलतसासऱ्यांपर्यंत पोहोचेतो ते नाहीसंच झालं. मला तर मोबाइलवरचं ते विमान बघवेना, म्हणून मी मोबाइल बंद करून उशीखाली दडपला. नवरा धावत घरी आला. त्याने नकाशा पाहिला, फूटपट्टी पाहिली आणि तोही मटकन खाली बसला. (म्हणजे भूगोल त्यानेही सोडलेला असणार.) दुपारपर्यंत अर्धं खानदान आमच्या चादरींच्या ढिगांवर जागा करून मुसमुसत होतं.

पृथ्वी गोल असल्यामुळे नकाशावरचा वाकडा रस्ताच जवळचा पडतो, हे मला मागाहून कळलं. त्या क्षणी फक्त बेल वाजली, आणि मी दचकून दार उघडलं.

दारात सासूबाई. माझा फोन बंद आणि नवऱ्याचा गडबडीत ऑफिसातच राहिलेला, म्हणून टॅक्सी करून आलेल्या. त्यांनी आतली रडवेली तोंडं पाहिली आणि आवाज खाली आणून विचारलं, "कोण गेलं गं?"

जाऊबाईंनी डोळे पुसत सांगून टाकलं, "तुम्हीच, आई."

सासूबाईंनी बॅग टेकवायला जागा शोधली. मिळाली नाही. मग त्यांनी या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत माझा संसार शांतपणे न्याहाळला.

"मी गेले ते एक वेळ ठीक," त्या म्हणाल्या, "पण चार माणसं भेटायला येणार म्हटल्यावर घर तरी आवरायचं होतंस."